बिनमापाचं ऊन

एप्रिलमधल्या दुपारी सोलापुरात मेडिकल उघडं ठेवणं ही एक शिक्षाच आहे. खरं तर शटर अर्धं ओढून घरी जाऊन पडावं, पण शेजारच्या त्वचेच्या डॉक्टरांची ओपीडी नेमकी त्याच वेळी असते आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवर आमचा निम्मा धंदा चालतो. पंखा गरम हवा इकडची तिकडे ढकलत असतो, काउंटरच्या काचेवर कोपर टेकवलं तर चटका बसतो. अशाच एका दुपारी एक मुलगी आली. स्कूटी सावलीत लावून तिनं एकेक आवरण उतरवायला घेतलं. आधी गॉगल, मग डोक्यातोंडाला गुंडाळलेला स्कार्फ, मग सनकोटाची वरची बटणं आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. कोपरापर्यंतचे, फुलाफुलांचे, नवी पेठेत दोरीवर टांगून विकतात ते. चिठ्ठीवर तोंडावरच्या फोडांसाठी डॉक्सिसायक्लिन होतं, रात्री लावायचं एक जेल आणि सनस्क्रीन. पट्टी कापून देताना मी नेहमीचं वाक्य म्हटलं, ‘ही गोळी चालू आहे तोवर उन्हात फिरू नकोस, ऊन बाधतं.’ ती हसली. ‘बघताय की काकू, कुठं फिरते उन्हात,’ म्हणत तिनं काउंटरवरच्या हातमोज्यांकडे बोट केलं. त्या बोटावर दुधी गुलाबी, टोकाला निमुळतं, आरशासारखं चकचकीत नख होतं. मुळाशी मात्र खरं नख वाढून एक बारीक फट उघडी पडली होती. ‘तीच भरून घ्यायला वर चाललेय.’ वर म्हणजे आमच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या पार्लरमध्ये. तिनं पैसे स्कॅन केले, हातमोजे पर्समध्ये कोंबले आणि उघड्या हातांनी जिना चढून गेली.

ते पर्समध्ये गेलेले हातमोजे माझ्या डोक्यातून जाईनात.

सोलापूरच्या पोरींना उन्हाविषयी काही शिकवायची गरज नाही. मार्च लागला की सात रस्त्यापासून विजापूर रोडपर्यंत सिग्नलला उभ्या असलेल्या स्कूटीवाल्यांमध्ये कोण कुणाची आहे हे आईलासुद्धा ओळखू येत नाही, इतक्या त्या गुंडाळलेल्या असतात. आमच्या कॉलेजच्या दिवसांत ओढणी डोक्यावर घेतली की झालं, आणि सुट्टी संपताना हात काळवंडले की आई दह्यात हळद कालवून चोळायची. आता सनकोट, मोजे आणि क्रीम. यात उष्माघाताची भीती किती आणि काळं पडण्याची किती, हे प्रत्येकीनं स्वतःला विचारावं. मला ती काळं पडण्याची भीती मनापासून आवडत नाही, पण त्याच भीतीवर माझ्या दुकानाचं लाइटबिल निघतं, त्यामुळे फार बोलत नाही. उन्हाळ्यात दिवसाला जितक्या ट्यूबा खपतात त्यातल्या बहुतेक विकत घेणारीला एकच आकडा माहीत असतो, एसपीएफ ५०. हा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांचा, म्हणजे कातडी लाल करून भाजणाऱ्या किरणांचा. त्याहून खोल, कातडीच्या आतल्या थरापर्यंत जाणारे, काचेतूनही आत येणारे, न भाजता गुपचूप काळं करणारे आणि सुरकुत्या पाडणारे ते यूव्हीए. त्यांच्यासाठी ट्यूबवर बारीक अक्षरांत पीए आणि पुढे अधिकची चिन्हं असतात. ती कोणी वाचत नाही. आणि पार्लरमधला जेल पॉलिशची नखं वाळवायचा दिवा जवळजवळ सगळा यूव्हीएच देतो. म्हणजे ती मुलगी रस्त्यावर ज्याच्यापासून हात झाकून आली होती, त्यातलाच एक भाग वर जाऊन, पैसे मोजून, त्याच हातांवर घेणार होती. तेही पोटात डॉक्सिसायक्लिन असताना.

पार्लर चालवणाऱ्या बाई आणि मी एकाच भिशीत आहोत, त्यामुळे दुकान बंद करायच्या आधी वर जायला निमित्त लागलं नाही. तोवर मी तो दिवा जाहिरातीतच बघितला होता. पोळ्यांच्या डब्याएवढा, पांढऱ्या प्लास्टिकचा, पुढून उघडा. आत वरच्या बाजूला पिवळसर मण्यांची रांग, तळाला आरशाचा पत्रा, आणि डोक्यावर तीस, साठ, नव्व्याण्णव सेकंदांची बटणं. हात आत सरकवला की आपोआप लागतो. जांभळट निळा उजेड. तसं बघायला गेलं तर त्या रंगाकडे बघून काही समजत नाही, कारण जे बाधतं ते डोळ्यांना दिसतच नाही. पण टेबलावर आपला पांढरा सोलापुरी टॉवेल अंथरलेला होता, आणि मजा त्यानं दाखवली. दिवा लागला की दिव्याच्या तोंडाशी असलेली टॉवेलची कड एकदम पेटल्यासारखी निळसर पांढरी झळकायची, बाकीचा टॉवेल मळकाच. कपडा पांढराशुभ्र दिसावा म्हणून कारखान्यात जी पावडर वापरतात, ती न दिसणारे अतिनील किरण पिऊन त्यांचा निळा उजेड करते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत कितीतरी लोकांना हे रोजचं ठाऊक आहे. इथं मात्र टॉवेल न विचारता सांगत होता की किरण डब्यात मावत नाहीत, गिऱ्हाइकाच्या मनगटापर्यंत ओघळतात.

‘काकू, हा एलईडी आहे, यूव्ही नाही,’ नखं करणारी मुलगी म्हणाली. हे वाक्य तिला कुणीतरी दिवा विकताना दिलेलं होतं, तिचा दोष नाही. जुन्या दिव्यांत छोट्या ट्यूबा असायच्या, त्यांना ‘यूव्ही’ म्हणायचे. नव्यात मणी आले, त्यांना ‘एलईडी’ म्हणायला लागले, आणि लोकांनी समजून घेतलं की यूव्ही गेलं. तसं नाही. बहुतेक दिव्यांत ३६५ आणि ४०५ नॅनोमीटर अशा दोन प्रकारचे मणी असतात. त्यातला पहिला सरळ यूव्हीए आहे, दुसरा दिसणाऱ्या जांभळ्याच्या काठावर. कारण जेल पॉलिश हवेनं वाळत नाही. बाटलीतल्या द्रवात अॅक्रिलेटचे छोटे रेणू असतात आणि उजेड पडल्यावर फुटणारं एक द्रव्य असतं. ते फुटलं की रेणू एकमेकांना धरून साखळी करतात आणि अर्ध्या-एका मिनिटात प्लास्टिक तयार होतं. ही साखळी होताना उष्णता निघते, म्हणून थर जाड असला की गिऱ्हाईक ‘आई गं’ करून हात बाहेर ओढतं. माझ्यासमोरच एकीनं ओढला. सगळे हसले. मीही हसले, कारण तिनं ओढलेला हात थेट समोसाचटणीच्या डिशमध्ये गेला होता.

मग मी काही दिवस वाचलं. औषधवाल्याला हा एक रोग असतोच, पट्टीच्या डब्यातला घडी घातलेला बारीक कागदसुद्धा वाचून काढायचा. जानेवारी २०२३ मध्ये जेल नेलपेंटनं कॅन्सर होतो असा मेसेज घराघरांतल्या ग्रुपवर फिरला होता, तो कशावरून आला ते आधी बघितलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोमधल्या संशोधकांचा लेख ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला होता. त्यांनी माणसाच्या आणि उंदराच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून अशा दिव्याखाली ठेवल्या. वीस मिनिटांच्या एका बैठकीत २० ते ३० टक्के पेशी मेल्या, लागोपाठ तीन बैठकांत ६५ ते ७० टक्के. उरलेल्या पेशींच्या डीएनएत कातडीच्या कॅन्सरमध्ये दिसतात तशा खुणा सापडल्या. ऐकायला भयंकर आहे. पण बशीतल्या पेशींवर मेलेल्या कातडीचं कवच नसतं, आपल्या हातावर असतं. आणि पार्लरमध्ये कुणी एका दमात वीस मिनिटं हात आत ठेवत नाही. यावरून माणसांत कॅन्सरचा धोका वाढतो हे थेट सिद्ध होत नाही, असं संशोधकांनीही लिहिलं होतं. मेसेजमध्ये मात्र बशी गळाली होती, हात तेवढा राहिला.

त्याआधीचंही सापडलं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हाताच्या मागच्या बाजूला कॅन्सर झालेल्या दोन बायकांची नोंद केली, दोघी अशा दिव्याखाली हात ठेवणाऱ्या. दोघींवरून काही सिद्ध होत नाही, पण तिथून लोकांनी विचार करायला सुरुवात केली. २०१३ मध्ये दुसऱ्यांनी हिशेब मांडला की त्वचेच्या दवाखान्यात उजेडाच्या उपचाराचा एक कोर्स घेतला तर जितका धोका होतो, तितका व्हायला नखांसाठी आठवड्याला एकदा असं २५० वर्षं जावं लागेल. हे वाचून मी निश्चिंत झाले. मग २०१४ चा एक लेख वाचला आणि ती निश्चिंती थोडी ढिली झाली. त्यांनी खऱ्या पार्लरमधले १७ दिवे मोजले होते. काहींतून यूव्हीए जवळजवळ निघतच नव्हता, काहींतून भरपूर, आणि एकाच दिव्यात हात कुठं ठेवला यावरही फरक. म्हणजे २५० वर्षांचा हिशेब ज्या दिव्यावर केला तो वेगळा आणि आमच्या वरच्या मजल्यावर आहे तो कुठला, हे डब्यावर कुठंच लिहिलेलं नाही. डब्यावर वॅट लिहिलेत. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. कातडीवर काय पडतं ते नाही.

इथं मला आत्या आठवली.

तिच्या दोन्ही हातांवर कोड होतं, बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत. बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या वाड्यात वैद्यांनी दिलेल्या बावचीच्या बिया आजी सहाणेवर उगाळायची. काळ्या, चिमुकल्या बिया आणि नाकात चढणारा कडवट वास. तो लेप पांढऱ्या डागांवर लावून सकाळच्या उन्हात बसायचं. आत्या अंगणात पाटावर बसायची, हात गुडघ्यांवर पालथे, तोंड पदरानं झाकलेलं, म्हणजे रस्त्यावरून कुणी डोकावलं तर ओळखू नये. आणि आजी ऊन मोजायची. तुळशीवृंदावनाची सावली ठरलेल्या फरशीच्या कडेला लागली की तिची हाक यायची, ‘उठ गं, बास.’ घड्याळ घरात होतं, पण या कामाला आजीचा घड्याळावर विश्वास नव्हता. हिवाळ्यात सावली वेगळी पडते म्हणून तिनं फरशीवर गेरूनं खुणाही केल्या होत्या. एकदा आजी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेली आणि आत्या, लवकर बरं व्हायच्या हौसेनं म्हणा किंवा उठवायला कुणी नव्हतं म्हणून म्हणा, बसून राहिली. संध्याकाळपर्यंत हातांवर टपोरे, पाण्यानं भरलेले फोड आले. भाकरी थापायला तिला पुढे बरेच दिवस लागले.

बावचीत सोरालेन असतं, हे मला डी. फार्मला कळलं. ते कातडीत मुरलं की यूव्हीएला हावऱ्यासारखं पकडतं. तेच द्रव्य गोळीच्या रूपात देऊन वर यूव्हीएचा उजेड द्यायचा, हा उपचार सोरायसिससाठी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांडला आणि मग जगभर गेला. त्यातही पुढे कळलं की वर्षानुवर्षं घेतलं तर कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून मात्रा मोजूनमापून देतात. आत्याला नंतर त्या उजेडाच्या कपाटातही उभं केलं होतं. डोळ्यांना काळा चश्मा, आणि फाइलमध्ये प्रत्येक बैठकीपुढे आकडा. आज इतका उजेड, पुढच्या वेळी थोडा जास्त, लाल झालं तर कमी. आत्याचे डाग अर्धेच भरले, पण तिच्या वाट्याला आलेल्या प्रत्येक उन्हाची कुठंतरी नोंद होती. फरशीवर नाहीतर फाइलमध्ये.

पार्लरच्या दिव्यात सोरालेन नाही, हे खरं. पण डॉक्सिसायक्लिनही यूव्हीए पकडणाऱ्या औषधांतलं आहे. मुरुमांसाठी येणाऱ्या कितीतरी मुली ते महिनामहिना घेतात, आणि त्याच वयाच्या मुली वर जिना चढतात. काहीच होणार नाही, किंवा नखांभोवती आग होईल, कातडी काळवंडेल, कधी नख बोटापासून सुटतंही. कुणी जोडत नाही मग. मुलगी म्हणते उन्हानं झालं, आई म्हणते पार्लरच्या भिकार सामानानं, आणि डॉक्टरांना कुणी सांगतच नाही की नखांना काही लावते म्हणून. डॉक्टरही विचारत नाहीत. ते म्हणतात ऊन टाळा, आणि ऊन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर आकाशातलंच येतं.

मी वर गेले त्या संध्याकाळी जेवढं दिव्याकडे बघितलं, तेवढंच त्या नखं करणाऱ्या मुलीच्या बोटांकडे. पंचविशीच्या आतली असेल. तिच्या स्वतःच्या नखांना काही नव्हतं, बारीक कापलेली. पण अंगठा आणि पहिल्या दोन बोटांची टोकं गुळगुळीत, कोरडी झाली होती आणि त्यांना चिरा पडल्या होत्या. एका चिरेवर बँडेजची पट्टी. गिऱ्हाइकाचं लांब नकली नख चिकटवताना ती ते तीन बोटांत दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं टॉर्चएवढा छोटा दिवा त्याच्यावर रोखायची. नख धरलेली तिची बोटंही त्याच उजेडात. गिऱ्हाइकाचा अंगठा आत वाकडा पडला की आपला हात डब्यात घालून तो सरळ करायची. असं दिवसभर, एका मागून एक. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येतं; ही सकाळी अकरापासून तिथंच असते. ‘बोटांना काय झालंय गं?’ म्हटलं, तर म्हणाली, ‘भांडी घासून होतंय काकू.’ बाई पटकन म्हणाल्या, ‘हिला मी किती वेळा सांगितलं, खोबरेल लाव.’

भांड्यांनी पूर्ण तळहात सोलतो. असं नेमक्या त्याच तीन बोटांच्या टोकांना होतं, तेव्हा मला बाटलीचा संशय येतो. उजेडाची एवढी चर्चा होते, त्याच्या निम्मीही त्या बाटलीतल्या द्रवाची होत नाही, आणि माझ्या मते उलटं व्हायला हवं. न वाळलेला जेल कातडीला लागत राहिला की कधीतरी शरीर त्याच्यावर रुसतं, आणि अॅक्रिलेटची अॅलर्जी एकदा बसली की जन्मभराची. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता. युरोपीय संघानं २०२० मध्ये नियम केला की एचईएमए नावाचं द्रव्य असलेली नेलपॉलिशं फक्त व्यावसायिकांनीच वापरायची, आणि उजेडानं फुटणारं टीपीओ हे द्रव्य तर १ सप्टेंबर २०२५ पासून तिथं बंदच केलं. आपल्याकडे दिवा, बाटल्या आणि कानस असा अख्खा संच कुरिअरनं घरपोच येतो आणि आठवीतली मुलगी व्हिडिओ बघून स्वतःच्या हातावर प्रयोग करते. घरी करणारीचा जेल हमखास नखाबाहेर कातडीवर पसरतो. दिवा एका कंपनीचा, जेल दुसऱ्या कंपनीचा, त्यामुळे वरून टणक झालेला थर आतून कच्चाच राहतो. हा कच्चा थर मला त्या जांभळ्या उजेडापेक्षा जास्त भिववतो.

नखं करणाऱ्या त्या मुलीशी नंतर दुकानात बोलणं झालं, मलम घ्यायला खाली आली तेव्हा. तिची आई पूर्व भागात विड्या वळायची, आता ते लोक कुंभारीला असतात, गोदूताई परुळेकर वसाहतीत. विडी कामगार बायकांची १०,००० घरं तिथं उभी राहिली आणि २००६ मध्ये चाव्या मिळाल्या, त्यातलं एक यांचं. आईची बोटं कशी होती ते तिनं मला हातवारे करून दाखवलं. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखूची चिमूट, वळायचं, टोक नखानं दुमडायचं, दोरा. ‘तिची बोटं काळी, माझी फाटलेली,’ असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही. विडीचं काम काही सुखाचं नव्हतं आणि नाही; कारखान्यात माल मोजून देताना खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांवरून बायका किती भांडल्यात ते या गावाला माहीत आहे. पण त्या मोजण्यातून काहीतरी उभं राहिलं. हजार विड्यांमागे दर ठरला, विडी कामगार म्हणून कार्ड मिळालं, १९७६ च्या कायद्यानं कल्याण निधी आला, दवाखाना आला, मोर्चे निघाले, घरं झाली. मुलगी आईपेक्षा जास्त शिकली, एसीत बसते, स्वच्छ काम करते म्हणून घरात कौतुक आहे. तिच्या दिवसभराच्या उजेडाचा आणि बोटांना लागलेल्या जेलचा हिशेब ठेवणारी एकही वही या शहरात नाही. तिच्या पगाराच्या पाकिटावर ती ‘हेल्पर’ आहे.

मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन पाठीवर पट्ट्या लावून करतात ती अॅलर्जीची तपासणी करून घ्यायला सांगितलं. आणि अॅलर्जी निघाली तर दातांच्या डॉक्टरांनाही सांगायचं, कारण दातात उजेड दाखवून भरतात त्या सिमेंटमध्येही याच घराण्यातली द्रव्यं असतात. ती म्हणाली, ‘निघाली तर काम सोडावं लागंल नव्हं?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी हातमोज्यांवर आले. साधे पातळ रबरी मोजे हा द्रव काही मिनिटांतच आरपार जाऊ देतात. निळे नायट्राइलचे बरे, पण तेही दर गिऱ्हाइकाला बदलायचे. एका डब्याची किंमत ऐकून तिनं आधी माझ्याकडे आणि मग जिन्याकडे बघितलं. जिन्याकडे म्हणजे बाईंकडे. भिशीच्या दिवशी मी बाईंजवळ विषय काढला. त्या नाराज झाल्या नाहीत, उलट म्हणाल्या, ‘मोजे घालून नख नीट धरता येत नाही म्हणतात मुली.’ तेही खोटं नाही. शेवटी एक डबा नेला त्यांनी, उधारीवर. वापरात आहे की कपाटात, ते मी वर जाऊन तपासत बसत नाही.

गिऱ्हाइकासाठी मात्र गोष्ट सोपी आहे. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची अकादमी सांगते की दिव्याखाली हात घालायच्या आधी हाताच्या मागच्या बाजूला सनस्क्रीन लावा, एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं आणि यूव्हीए अडवणारं, नाहीतर बोटांची टोकं कापलेले मोजे घाला. आपली कातडी गोरी नाही, तिच्यातला रंग आपल्याला बऱ्यापैकी वाचवतो, आणि कातडीचा कॅन्सर आपल्याकडे मुळातच कमी. तेव्हा वर्षातून दोन-चारदा सणासमारंभाला नखं करून घेणारीला मी घाबरवत नाही. ज्यांच्या चिठ्ठीवर ऊन बाधणारं औषध आहे त्यांना फक्त पट्टी देताना एक प्रश्न विचारते. बहुतेक मुली ‘हो काकू’ म्हणतात आणि जातात. एकीनं सरळ सांगितलं, ‘काकू, तुम्ही गोळ्या द्या, नखांचं मी बघते.’ योग्यच आहे म्हणा.

परवा साठी उलटलेल्या एक बाई आल्या, नवीन चिठ्ठी घेऊन. बीपीच्या गोळीत दोन औषधं एकत्र, त्यातलं एक हायड्रोक्लोरोथायझाइड. हेही उन्हाला भिडणारं. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी याच्या माहितीपत्रकात कातडीच्या कॅन्सरचा इशारा घालायला लावला. दर १६,००० रुग्णांमागे वर्षाला एखादा जास्तीचा रुग्ण, असा त्यांचा अंदाज, तोही मुख्यतः गोऱ्या कातडीत आणि खूप वर्षं घेणाऱ्यांत. गोळी बंद करू नका, हेही त्यांनीच लिहिलं. तरी सवयीनं मी विचारलं, नखांना दिव्यातला रंग वगैरे लावत नाही ना? त्यांनी पदराखालून हात काढला. दहाही नखं डाळिंबी, एकावर चमकी. ‘मुलाच्या लग्नात सुनेच्या मैत्रिणींनी धरून बसवलं. आता निघता निघत नाही, विळीनं खरवडून बघितलं.’ मी हबकलेच. खरवडायचं नाही, नखाचे पापुद्रे निघतात. अॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस लावून, वरून फॉइल गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं बसायचं, असं सांगितलं. ते त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं. ‘काढायचा नाही हो, मुळाशी भरून घ्यायचाय. वटपौर्णिमेला.’ मग मी डॉक्टरांना सांगा म्हटलं, क्रीमचं सांगितलं, ट्यूबची किंमत सांगितली, आणि त्यांचा चेहरा बघून लगेच मोज्यांचंही सांगितलं, की घरातले जुने सुती चालतील, फक्त टोकं कापायची. त्यांनी जरा विचार केला.

‘ह्यांचे पायमोजे आहेत ढीगभर. त्यांची टोकं कापली तर?’

‘धुतलेले असतील तर चालतील,’ मी म्हटलं. त्या खूश झाल्या आणि गोळ्यांवर दहा टक्के सूट मागायला लागल्या.